तपासण्या मोजायच्या की वाचलेले जीव?

एखादी राष्ट्रीय तपासणी मोहीम यशस्वी झाली, असं आपण कशावरून म्हणायचं? आज एवढाच प्रश्न घेऊ.

स्तनाचा कर्करोग लवकर सापडला की रुग्ण जास्त वर्षं जगली असं दिसतं. पण इथे एक चकवा आहे. समजा, दोघींचा मृत्यू २०१० मध्येच झाला. एकीचं निदान २००४ मध्ये झालं, दुसरीचं २००७ मध्ये. पहिली ‘सहा वर्षं जगली’ म्हणायचं का? तिला आयुष्य जास्त मिळालं नाही, आजाराची जाणीव तेवढी आधी मिळाली. म्हणून मोजायचे ते मृत्यू, आणि तेही तपासणी न झालेल्या गटाशी तुलना करून.

न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली अशी तुलना सुरू झाली, ती मॅमोग्राफी धरून. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईत साधा मार्ग घेतला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया, २० गट. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, अशा चार फेऱ्या. उरलेल्या गटांना फक्त कर्करोगाची माहिती दिली. हे नीतीला धरून होतं का, यावर वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

निष्कर्ष २०२१ मध्ये आले. पुढच्या टप्प्यातला आजार ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के रुग्णांत आढळला. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाचाही असू शकला असता. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र घट जवळपास ३० टक्के होती, आणि ती ठोस होती. पन्नाशीच्या आत घट दिसली नाही.

आता सरकारी कार्यक्रम बघा. २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहे. म्हणजे वय वेगळं, अंतरही वेगळं. मुंबईचा निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एक टक्काही स्त्रियांची स्तनतपासणी कधी झालेली नव्हती.

तपासण्यांचे आकडे वाढवणं सोपं आहे. पण गाठ सापडलेली बाई पुढे उपचारापर्यंत पोचली का, आणि वाचली का, हे विचारणारी नोंदवही नसेल, तर आपण साधनालाच साध्य समजून बसू.