‘पार्टी’तील दोन ध्रुव

नागपूरनिवासी नाटककार महेश एलकुंचवार यांचे ‘पार्टी’ हे नाटक १९७६ मधील. पुरस्कारप्राप्त लेखक बर्वे यांच्या सन्मानार्थ दमयंती राणे या धनाढ्य कलाश्रयदात्रीच्या घरी मेजवानी होते. दमयंतीबाई भांडवली सुबत्तेच्या प्रतिनिधी; त्यांच्या दिवाणखान्यात साहित्यालाही प्रतिष्ठेच्या मालाचे मोल येते. दुसऱ्या टोकाला आहे अमृत. कवी म्हणून नावाजला गेलेला हा तरुण नागरी वर्तुळ सोडून आदिवासींच्या हक्कांच्या लढ्यात उतरला आहे. तो रंगमंचावर येत नाही, तरी पाहुण्यांचे बोलणे पुन्हा पुन्हा त्याच्यापाशीच येऊन थांबते. समाजवाद आणि भांडवलशाही यांचा हा संघर्ष त्यामुळे तात्त्विक भाषणांत अडकत नाही. अन्याय समोर दिसत असताना लेखकाने केवळ लिहीत राहावे काय, हा प्रश्न प्रत्येकाला स्वतःच्या सुखासीनतेशी ताडून पाहावा लागतो. एलकुंचवारांच्याच पटकथेवर गोविंद निहलानी यांनी १९८४ मध्ये हिंदी चित्रपट केला. त्यात दमयंतीबाईंची भूमिका विजया मेहता यांनी, तर अमृतची नसीरुद्दीन शाह यांनी साकारली. चित्रपटाच्या अखेरीस अमृतच्या हत्येची वार्ता येते. उत्तर मात्र मागे राहिलेल्यांनाच द्यायचे असते.