कोंबडा की तलंग : एका घाईची कुळकथा

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली, की त्यांत कोंबडे किती आणि तलंगा किती, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावात त्या दिवशी सहसा कुणी विचारत नाही. घार, मुंगूस, रानमांजर आणि मानमोडी यांच्या तावडीतून डाल्याखालची किती पिल्ले वाचतात, हे आधी ठरायचे असते. उबवणी केंद्रात मात्र नर-मादीचा निवाडा पिल्लाचे अंग वाळते न वाळते तोच होतो. यातली एक पद्धत शास्त्र आणि दुसरी अडाणी सवय, असे सर्रास मानले जाते. मला ते पटत नाही. एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग ओळखण्याची विद्या कुणाची नजर अचानक तीक्ष्ण झाली म्हणून जन्मली नाही. कोंबडीचा दाणा विकत आणावा लागला तेव्हा ती जन्मली. पक्षी उकिरड्यावर, खळ्यातल्या सांडलेल्या दाण्यावर आणि किड्यामुंग्यांवर पोसला जात होता, तिथे वाट पाहणे हीच हिशेबाला धरून असलेली रीत होती.

वाट पाहणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लांत ज्याचा तुरा लवकर लाल होतो, चोचीखालच्या पाळ्या फुगू लागतात आणि पाय जाड दिसतात, तो बहुधा कोंबडा असतो. या वयात तलंगेची पाठ पिसांनी झाकलेली असते आणि नराच्या पाठीवर अजून उघडे ठिगळ दिसते. तरीही ‘बहुधा’ हा शब्द सोडता येत नाही, कारण गावरान कळपात एखाद्या तलंगेचा तुराही उजळ असतो आणि एखादा कोंबडा उशिरा वयात येतो. पक्की खूण मिळते ती अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास. कोंबड्याच्या मानेवर आणि कमरेवर लांब, चकाकती, टोकदार पिसे उतरतात. तलंगेची त्याच जागची पिसे आखूड आणि टोकाला गोल राहतात. त्यानंतर आरवणे आले की वादच संपतो. तलंग अंड्यावर आली की नाही, हे बोटांनी चाचपून कळते: शेपटीखालची दोन हाडे एकमेकांपासून दूर सरकलेली असतात. खर्च एकच, वेळेचा; आणि तो वेळ फुकट होता. उरलेला कोंबडाही वाया जात नव्हता. नवसाला, पाहुण्याला, जत्रेला कोंबडाच लागतो आणि बाजारात त्याचे रोख पैसे होतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवायचा, बाकीचे विकायचे. ज्या घरात नरालाही गिऱ्हाईक आहे, तिथे पहिल्याच दिवशी त्याला हुडकून काढायची घाई कशाला?

‘गावात पिल्लेच थोडी, म्हणून गरज पडली नाही, संख्या वाढली असती तर युक्तीही सुचली असती,’ असा आक्षेप येईल. इजिप्तचा दाखला त्याच्या आड येतो. तिथे मातीच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी एकदम उबवण्याचा धंदा शतकानुशतके चालला. त्या उबवणाऱ्यांचे कसब असे, की तापमापक नसताना अंडे पापणीला लावून ते उष्णता जोखत. इतकी सूक्ष्म जाण असलेल्या लोकांनी पिल्लांची नर-मादी वेगळी काढण्याचा धंदा मात्र उभा केला नाही. ती पिल्ले शेतकऱ्यांच्या दारी जात आणि दारातच टिपून वाढत. संख्या होती, नजर होती. नराच्या पोटावर होणारा खर्च तेवढा नव्हता.

तो खर्च दिसू लागला पहिल्या महायुद्धात. ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती आणि अंडी न देणाऱ्या तोंडांना दाणा घालणे परवडत नव्हते. केंब्रिजचे आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी तेव्हा सुचवले, की पिल्लाच्या रंगावरूनच नर ओळखावा. पक्ष्यांत लिंग ठरवते ती मादी. तिच्याकडे दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रे असतात. त्यांतले एक ती फक्त मुलांना देते आणि दुसरे फक्त मुलींना. म्हणून त्या पहिल्या गुणसूत्रावर बसलेला आईचा ठळक रंग मुलांत दिसतो, मुलींत दिसत नाही. तत्त्व आधीच माहीत होते. त्याला कामाला लावले ते दाण्याच्या टंचाईने. पुढच्या दशकात जपानमध्ये कियोशी मासुई आणि जुरो हाशिमोतो यांनी दुसरी वाट काढली. पिल्लाचे गुदद्वार हलकेच उलगडले तर नरात एक बारीक उंचवटा दिसतो, हे त्यांनी दाखवले. १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक इंग्रजीत व्हँकुव्हरला छापले गेले आणि जपानी जाणकारांना अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मागणी आली. त्यांतले मुरलेले लोक तासाला हजारभर पिल्ले वेगळी करत.

या जाणकारांभोवती पुढे गूढतेचे वलय उभे राहिले: म्हणे त्यांना स्वतःलाच सांगता येत नाही की ते कसे ओळखतात. १९८७ मध्ये बीडरमन आणि शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी ते वलय बरेच उतरवले. अननुभवी लोकांना पिल्लांच्या त्या भागाची छायाचित्रे दाखवली तेव्हा त्यांची उत्तरे सुमारे ६० टक्के बरोबर आली. कुठे पाहायचे आणि कोणता आकार शोधायचा, एवढे एका कागदावर समजावल्यावर तीच टक्केवारी ८४ वर गेली. छायाचित्र पाहणे आणि वळवळते पिल्लू हातात धरून निवाडा करणे यांत अंतर आहे, हे मान्य. पण जी गोष्ट एका कागदावर इतकी शिकवता येते, ती हजारो वर्षे माणसाच्या बुद्धीपलीकडे होती असे म्हणता येणार नाही. तिचा उपयोग नव्हता, म्हणून ती शोधली गेली नाही.

मग टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो, हे गावोगाव का सांगतात? गरज नसती तर असे ठोकताळे तरी कशाला? प्रश्न रास्त आहे. कुतूहल होतेच. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की लांबट, टोकदार अंड्यात मादी असते; रोमन शेतीलेखक कोलुमेलाने नेमके उलट लिहिले. दोघांच्याही बाजूने निम्मी अंडी साक्ष देणारच. निम्म्या वेळा खरा ठरणारा आणि चुकल्यास काहीच न बुडवणारा ठोकताळा दोन हजार वर्षे जगतो. चुकीला दंड बसू लागला, तेव्हा लोक अंड्याचा आकार सोडून पिल्लाच्या शरीराकडे वळले.

पंखांच्या पिसांवरून ओळखण्याची सोपी युक्ती तरी गावाने उचलावी, असेही सुचवले जाते. पण पिसे उशिरा फुटणारी आई आणि लवकर फुटणारा बाप असा जोड मुद्दाम लावला असेल, तरच पिल्लाचा पंख खरे बोलतो. गावरान कळपात कोणाचा बाप कोण याचा पत्ता नसतो, तिथे पंखावरून फार तर घराणे कळेल.

लेअर म्हणजे केवळ अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत तर नर दोन्हीकडून नापास: अंडे नाही आणि अंगावर मांसही बेताचे. गल्लीबोळात सायकलवरून विकली जाणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले बहुधा हीच. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून असे नर जन्मताच मारून टाकण्यावर बंदी घातली आणि आता निवाडा अंड्याच्या कवचाआतच व्हावा म्हणून यंत्रे बसू लागली आहेत. याउलट बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा या जाती परसासाठी घडवताना अंडी आणि मांस दोन्ही पाहिले गेले. म्हणून त्यांचे नर ओझे ठरत नाहीत.

ढाणकीतही कुणी केवळ अंडी विकायचे ठरवून पोत्याने खाद्य आणू लागले, तर घाईचे कारण त्याच्या दारात येईल. त्याला जपानी हातकौशल्याची गरज नाही. तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लिमथ रॉक कोंबडी असा जोड लावला, की पिल्ले काळी निघतात आणि ज्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका तो नर. मात्र ही खूण एकाच पिढीपुरती चालते. त्याच पिल्लांना मोठे करून आपसांत जोडले तर ठिपका नरांतही येतो आणि माद्यांतही, म्हणून दरवेळी मूळ जातीचा कोंबडा आणि मूळ जातीची कोंबडी वेगळी सांभाळावी लागते, आणि त्यांचाही दाणा विकतच आणावा लागतो.