करपा, बाजार आणि ईश्वरी योजना

मेकॉलेचे १८३५ चे टिपण वर्गात शिकवताना त्याच्या मेहुण्याचा उल्लेख एखाद्या वाक्यात होतो आणि आपण पुढे जातो. चार्ल्स ट्रेव्हेलियन हा मेकॉलेच्या बहिणीचा पती आणि हिंदुस्थानातील इंग्रजी शिक्षणाचा खंदा पुरस्कर्ता. १८३८ मध्ये त्याने या विषयावर पुस्तकही लिहिले. आमच्या अभ्यासक्रमात तो येथे संपतो. आयर्लंडच्या इतिहासात तो यानंतर सुरू होतो. १८४० मध्ये तो लंडनच्या ट्रेझरीत उच्चाधिकारी झाला, आणि १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला तेव्हा मदतकार्याच्या खर्चाच्या नाड्या त्याच्या हाती आल्या.

ट्रेव्हेलियन हा आर्चडीकनचा मुलगा आणि गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या झॅकरी मेकॉलेचा जावई. त्याला पाषाणहृदयी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. अडचण अशी की तो सश्रद्ध होता, आणि त्याचे अर्थशास्त्र त्या श्रद्धेपासून वेगळे काढता येत नाही.

त्या काळच्या इंग्लंडात हे नवल नव्हते. माल्थस स्वतः पाद्री होता. त्याच्या १७९८ च्या लोकसंख्येवरील निबंधाची शेवटची दोन प्रकरणे चक्क ईश्वरमीमांसा आहेत: टंचाई आणि दुःख ही निद्रिस्त मनाला जागे करण्याची ईश्वराची साधने होत, असा त्यांचा आशय. १८०३ च्या आवृत्तीतून ती वगळली गेली, आणि आपल्या वाचनात येतो तो बहुधा ईश्वर वजा केलेला माल्थस. स्कॉटलंडच्या टॉमस चामर्सने हाच धागा पुढे नेला. ग्लासगोच्या सेंट जॉन पॅरिशमध्ये १८१९ पासून त्याने गरिबांसाठीची कायदेशीर मदत बाजूला सारून केवळ चर्चच्या दानावर आणि घरोघरच्या चौकशीवर व्यवस्था चालवून पाहिली. सक्तीच्या कराने देणाऱ्याची करुणा मरते आणि घेणाऱ्याचा स्वाभिमानही, असे त्याचे म्हणणे. बाजार ही त्याला ईश्वराने घातलेली नीतीची शाळा वाटे. सरकारने तिच्यात लुडबुड करणे म्हणजे परीक्षेत विद्यार्थ्याला उत्तर सांगण्यासारखे. बॉइड हिल्टन यांच्या १९८८ च्या ‘द एज ऑफ अटोनमेंट’ या ग्रंथामुळे या ‘इव्हँजेलिकल’ अर्थविचाराकडे अभ्यासकांचे नीट लक्ष गेले.

परंतु याच परंपरेत रिचर्ड व्हेटली आहे. ऑक्सफर्डचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १८३१ पासून डब्लिनचा आर्चबिशप, मुक्त व्यापाराचा कट्टर समर्थक. आयर्लंडच्या दारिद्र्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद १८३३ मध्ये त्याच्याकडे आले. तीन वर्षांच्या तपासणीनंतर आयोगाने सांगितले की सुमारे २३ लाख ८५ हजार माणसे वर्षातील तीस आठवडे विपन्नावस्थेत काढतात. ती आळशी नाहीत, त्यांना काम मिळत नाही. इंग्लंडच्या धर्तीवरची ‘वर्कहाउसे’ येथे निरुपयोगी; पडीक जमीन लागवडीखाली आणावी, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांना साहाय्य करावे. सरकारला हे महाग वाटले. त्याने जॉर्ज निकोल्स या अधिकाऱ्याला पाठवले. काही आठवड्यांच्या दौऱ्यानंतर त्याने वर्कहाउसांची शिफारस केली आणि १८३८ मध्ये तसाच कायदा झाला. दुष्काळ आला तो या व्यवस्थेवर.

पंतप्रधान पीलने १८४५ च्या अखेरीस अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप आणवला आणि १८४६ मध्ये धान्यावरील आयातकर उठवला. तो कर निसर्गक्रमाविरुद्ध आहे आणि करपा हा ईश्वराचा इशारा आहे, असे मानणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यानंतरच्या रसेल सरकारने धान्यव्यापारात हात घालण्याचे नाकारले. निर्यातबंदीची मागणी फेटाळली गेली. मार्च १८४७ मध्ये सात लाखांवर माणसे सरकारी कामांवर राबत होती, आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला सरकारने राष्ट्रीय उपवासाचा दिवस पाळला. उपाशी प्रजेसाठी उपवास! उन्हाळ्यात सूप वाटण्याची केंद्रे उघडली. जुलैत रोज तीस लाखांच्या आसपास लोकांना अन्न मिळत होते. म्हणजे यंत्रणा उभारता येत होती. शरद ऋतूपर्यंत ती मोडली आणि सारा भार स्थानिक गरीब-करावर टाकला गेला. पाव एकराहून अधिक जमीन धरणाऱ्याने ती सोडल्याखेरीज त्याला मदत नाही, असे कलमही आले.

जानेवारी १८४८ च्या ‘एडिंबरा रिव्ह्यू’त ट्रेव्हेलियनने या साऱ्याचा आढावा घेतला तो संकट सरल्याच्या सुरात. मुरलेल्या सामाजिक रोगावर सर्वज्ञ आणि दयाळू ईश्वराने थेट उपचार केला, असा त्याचा निष्कर्ष. माणसे त्यानंतरही काही वर्षे मरतच होती. एकूण सुमारे दहा लाख. सगळे खापर त्याच्या एकट्याच्या माथी फोडण्याला अलीकडच्या काही अभ्यासकांनी आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्त आहे. अर्थमंत्री चार्ल्स वुडचे विचार वेगळे नव्हते, आणि करदात्या मतदाराची कुरकुर दोघांनाही ऐकू येत होती.

मला गुंतवून ठेवतो तो चामर्स. मे १८४७ मध्ये, मृत्यूच्या त्याच महिन्यात, त्याने दुष्काळाच्या अर्थशास्त्रावर लेख लिहिला. सक्तीच्या मदतीचा हा जन्मभरचा विरोधक येथे सरकारने हात आखडू नये असे सांगतो. धान्यापासून मद्य गाळणे थांबवावे, म्हणजे बाजारात सरळ हस्तक्षेप करावा, असेही म्हणतो. नेहमीच्या दारिद्र्याचा नियम दुष्काळाला लावता येत नाही, हा त्याचा युक्तिवाद. ट्रेव्हेलियनच्या पिढीने त्याचे आधीचे ग्रंथ आत्मसात केले होते. हा लेख त्यांच्या कामाचा नव्हता.

क्वेकर पंथीयांचे पाहा. मुक्त व्यापाराच्या चळवळीचा पुढारी जॉन ब्राइट क्वेकरच होता. डब्लिनच्या क्वेकर व्यापाऱ्यांनी नोव्हेंबर १८४६ मध्ये मदत समिती स्थापली आणि सरकारच्या आधी सूपकेंद्रे चालवली. खाजगी दानावर चामर्सने ठेवलेला विश्वास कोणी सार्थ केला असेल तर यांनी. जून १८४९ मध्ये ट्रेव्हेलियनने त्यांना पुन्हा काम सुरू करण्याची विनंती केली आणि शंभर पौंड देऊ केले. समितीने नकार दिला. एवढ्या प्रमाणावर पैसा उभा करणे आणि माणसे जगवणे हे फक्त सरकारलाच शक्य आहे, असे तिने त्याला कळवले.