डेक्कन कॉलेज: अध्यापकांच्या संशोधनाची परंपरा

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या नव्या वास्तूत ‘डेक्कन कॉलेज’ या नावाने स्थिरावलेली संस्था सरकारने १९३४ साली बंद केली. परंतु माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागून ती वाचवली आणि १९३९ मध्ये ती पदव्युत्तर अध्यापन व संशोधन यांसाठी पुन्हा उघडली. भाषाशास्त्र, पुरातत्त्व, मराठ्यांचा इतिहास आणि समाजशास्त्र हे विषय एकाच आवारात आले, आणि अध्यापकाने उपलब्ध ज्ञान शिकवण्यावर न थांबता अभ्यासाची साधने स्वतः मिळवावीत, हा तेथील कामाचा पाया ठरला.

ह. धी. सांकलिया यांनी हा पाया पुरातत्त्वात भक्कम केला. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननामुळे ताम्रपाषाण युगातील, म्हणजे दगडाच्या जोडीने तांब्याची हत्यारे वापरणाऱ्या काळातील, एका संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. पुढे नेवाशाला आणि १९६८ पासून शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगाव येथे झालेल्या उत्खननांतून या संस्कृतीतील शेतकऱ्यांचे जीवन तपशिलाने उभे राहिले. इनामगावात मृत बालकांना दोन मडक्यांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत असत, तर प्रौढांना पुरण्यापूर्वी त्यांची पावले घोट्यापासून तोडत असत. ग्रंथांत ज्यांचा उल्लेख नाही अशा माणसांच्या घरातील दुःख आणि त्यांच्या श्रद्धा यांचा पुरावा महाराष्ट्राच्या इतिहासाला या खड्ड्यांतून मिळाला.

त्याच आवारात सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वावरील संस्कृत कोशाचे काम हाती घेतले. ऐतिहासिक तत्त्व याचा अर्थ असा की, शब्दाचे अर्थ केवळ एकाखाली एक न देता प्रत्येक अर्थ कोणत्या ग्रंथात प्रथम आढळतो आणि पुढे तो कसा बदलत गेला, हे कालक्रमाने दाखवायचे. त्यासाठी ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांतील शब्द वेचून, शब्द, मूळ अवतरण आणि ग्रंथातील स्थळ यांची नोंद एकेका चिठ्ठीवर करण्यात आली, आणि अशा चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये छपाईला आरंभ झाला. त्यानंतर अनेक खंड निघाले, तरी कोश अजून पहिल्याच स्वरात आहे. ज्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या त्यांतील बहुतेकांना तो पूर्ण झालेला पाहता येणार नव्हता, आणि हे ठाऊक असूनही त्यांनी काम चोख केले.

याच संस्थेत समाजशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या इरावती कर्वे यांच्याकडे शास्त्र आणि ललितलेखन यांची सांगड आढळते. गुजरातमधील लांघणज येथे सापडलेल्या प्राचीन मानवी सांगाड्यांच्या अभ्यासात त्या सांकलियांसमवेत होत्या. नात्यांसाठी वापरले जाणारे शब्द आणि विवाहाचे नियम प्रदेशवार गोळा करून त्यांनी १९५३ मध्ये भारतातील आप्तसंबंधांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व अशा चार विभागांत कुटुंबरचनेतील भेद मांडले. हीच नजर घेऊन त्या महाभारताकडे वळल्या. भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली चिकित्सित आवृत्ती आधाराला घेऊन त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण यांच्याकडे कुळाच्या आणि नात्यांच्या बंधनांत सापडलेली माणसे म्हणून पाहिले. त्या लेखांचा ‘युगान्त’ हा संग्रह १९६७ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मानवशास्त्राचा अभ्यास नसता तर हे पुस्तक असे झाले नसते, आणि मराठी गद्यावर हुकमत नसती तर तो अभ्यास सामान्य वाचकाच्या घरात पोहोचला नसता.

उत्खनन, कोश आणि ग्रंथलेखन या तीन कामांना जोडणारा धागा म्हणजे चिकाटीने जमवलेला पुरावा आणि तो पुढच्या अभ्यासकाच्या हाती नीट सोपवण्याची जबाबदारी. १९९० मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या या संस्थेचा इतिहास हेच सांगतो की, मानव्यविद्येतील अध्यापकाच्या कर्तृत्वाचे माप वर्षाकाठी छापलेल्या निबंधांच्या संख्येवरून काढणे अन्यायाचे आहे. ज्या कामाला एक पिढी अपुरी पडते त्याला वेळ, पैसा आणि प्रशिक्षित माणसे अखंड पुरवणे हे विद्यापीठांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.