बॅटरी आणि दोरी

पुण्याला समुद्र नाही. पूर मात्र आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, खडकवासल्याचा बांध गेला आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतून माणसं होड्यांनी बाहेर काढावी लागली. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, अशा वेळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. जुन्या मोटरी दुरुस्त करताना मला कळलं, की तिच्या रुसण्यामागे बऱ्याचदा इंजिन नसतं, चार्जिंग असतं.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ओल इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिरानं १९०९ मध्ये आपली मोटर विकायला काढली. ताकद दीड अश्वशक्ती. फ्लायव्हीलची मूठ धरून हातानं फिरवायची. पुढे दोरी आली. मॅग्नेटो आल्यावर बॅटरी लागतच नसे, कारण ठिणगी त्यातूनच मिळे. फिरतं चुंबक आणि तांब्याची कॉइल एवढाच त्याचा संसार. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेलंच तत्त्व.

१९५०च्या दशकात मोठ्या मोटरींना बटणस्टार्ट आला. बटण म्हणजे बॅटरी, आणि बॅटरी म्हणजे ती भरण्याची सोय. सुरुवातीला पट्ट्यावर चालणारा, कार्बन ब्रशचा डायनामो जोडत. मग उत्पादकांना सुचलं, की फ्लायव्हीलखाली जागा आहे; तिथेच आणखी कॉइल बसवाव्यात. पण त्यातून निघते प्रत्यावर्ती वीज, आणि बॅटरीला हवी एकदिश. ते काम सिलिकॉन डायोडच्या छोट्या डबीनं, म्हणजे रेक्टिफायरनं केलं.

जुन्या छोट्या मोटरींत व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर मात्र नसे. पाच-दहा अँपिअर वीज जाई; जादा झाली तर बॅटरीतलं पाणी उकळून उडे आणि माणूस वरून पाणी घाले. म्हणजे बॅटरीच रेग्युलेटर होती!

हे मी फटका खाऊन शिकलो. खडकवासल्याच्या जलाशयावरच्या एका होडीचा रेक्टिफायर जळाला. तपकीर गल्लीतून डायोड आणून नवा जोडला. आठवड्यात तोही गेला. दोष बॅटरीच्या ढिल्या टर्मिनलचा होता. मोटर चालू असताना जोडणी सुटली, की वीज जाणार कुठे? व्होल्टेज उसळतं आणि डायोड मरतात. मी रोगी बदलत होतो, रोग तसाच होता.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी टर्मिनल घासून घट्ट करायचं. मग रेक्टिफायर सोडवून पाहायचा. प्रत्येक डायोडमधून वीज एकाच दिशेनं जायला हवी. त्यानंतर कॉइल, तिची तार कुठेही इंजिनाच्या धातूला लागता कामा नये. कॉइल बदलायचीच असेल तर फ्लायव्हील पुलरनं काढावं. हातोडा मारला की चुंबकं तडकतात. बसवताना शाफ्टचा निमुळता भाग कोरडा, स्वच्छ, ग्रीस नाही. शेवटी मोटर पाण्यात चालवून बॅटरीवरचं व्होल्टेज तेरापलीकडे जातं का, ते बघायचं. एक सूचना महत्त्वाची: रेग्युलेटर नसलेल्या मोटरीला हवाबंद बॅटरी लावू नये. तिच्यात पाणी घालता येत नाही.

इव्हिनरूड मोटरींचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. जुने भाग दुर्मीळ होत जाणार. पण या मोटरींच्या मॅग्नेटोला आजही बॅटरीची गरज नाही. बॅटरी बसली असली तरी तिची जोडणी तशीच ठेवावी, फ्लायव्हीलच्या खाचेत गाठ अडकवून दोरी गुंडाळावी आणि ओढावी. मोटर सुरू होते.

म्हणून दर जूनमध्ये, पाऊस लागण्यापूर्वी, मी होडीवाल्यांना बटण दाबू देत नाही; दोरीवर मोटर सुरू करून दाखवा म्हणतो. ते कुरकुरतात. पण पाणी चढत असताना दोरी शोधण्यापेक्षा ती कुरकुर परवडली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)