थोरांचे नाव आणि हत्याराची धार



गेल्या महिन्यात माझ्या पुतण्यासमवेत मी येथील कापडबाजारात गेलो होतो. एका दुकानातील काचेच्या कपाटात तळहाताएवढे एक हत्यार मांडून ठेविले होते. दुकानदाराने ते उलगडून दाखविताच त्यातून पक्कड निघाली, चाकू निघाला, करवतीचे पाते निघाले, पेचकस निघाला, डबा फोडण्याची चावी निघाली. फार काय, एक इवलीशी कानसही निघाली. वेष्टनावर एका लोकप्रिय नटाचे हसरे चित्र होते. पुतण्या म्हणाला, “काका, एवढा मोठा माणूस सांगतो आहे, तेव्हा वस्तू चोखच असणार. घ्यायची ना?” किंमत पाहून मी उत्तर दुसऱ्या दिवसावर ढकलले.

रात्री विचार करिता ध्यानात आले की, मुलाचा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. थोरांच्या शिफारशीवरून हत्यार घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न आपल्या या शहराला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता. शहराचे नाव तेव्हा अहमदनगर होते. ते अहिल्यानगर झाले २०२४ साली. त्या वेळी ज्यांना उत्तर द्यावयाचे होते, त्यांची भाकरीच त्या उत्तरावर अवलंबून होती. ते लोक म्हणजे येथील विणकर.

नगर, भिंगार व संगमनेर येथे साळी, पद्मसाळी आणि कोष्टी मंडळींचे हातमाग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. त्यांचा मुख्य माल म्हणजे लुगडी. गिरण्यांचे कापड बाजारात आल्यावर या मागांचे काय होणार, ही चिंता विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी अधिकारी, स्वदेशीचे पुरस्कर्ते आणि मिशनरी या तिघांनाही लागली. कलकत्त्याच्या कलाशाळेचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांनी सुधारलेल्या मागाचा हिरिरीने पुरस्कार केला. १९०८ साली मद्रास येथे निरनिराळ्या हातमागांची स्पर्धा भरली. नगरात १८३१ पासून काम करीत असलेल्या अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे शिकलेले यंत्रज्ञ होते. त्यांनी येथे राहून हातमाग सुधारण्याचे प्रयोग केले, व त्यांचा माग चर्चिल माग या नावानेच ओळखला जाऊ लागला. तितक्याच श्रमात अधिक कापड निघावे, हा त्यामागील हेतू होता आणि तो निर्मळ होता.

शिफारस करणारे थोर, हेतू शुद्ध, आणि हत्यारही खरोखर कल्पक. मग विणकरांनी ते डोळे मिटून घेतले काय? तसे झाले नाही. त्यांना आपण पुष्कळदा जुन्याला चिकटून बसणारे म्हणतो. वस्तुतः त्यांचा हिशेब पक्का होता.

लुगडे म्हणजे सरळ थान नव्हे. त्याचे अंग एका रंगाचे, दोन्ही काठ निराळ्या रंगाचे, आणि पदर त्याहून निराळा. काठाचा रंग उभ्याआडव्या दोन्ही सुतांत भरीव हवा असेल, तर अंगाला एक व काठांना दोन असे तीन धोटे विणकराला हाताने फिरवावे लागतात. सुधारलेल्या मागाचा वेग एकाच धोट्याने विणावयाच्या साध्या कापडावर पुरता दिसतो. तीन धोट्यांच्या कामात तो बराचसा वाया जातो. मागाची किंमत जितकी अधिक, तितके सावकाराचे व्याज अधिक. शिवाय माग नादुरुस्त झाला, तर तो गल्लीतल्या सुताराला दुरुस्त करिता आला पाहिजे. नाही तर तितके दिवस चूल थंड. या तीन गोष्टी, म्हणजे माझ्या मालास तो जुळतो काय, माझ्या ऐपतीत बसतो काय, आणि मोडला तर माझ्या गावात सुधारतो काय, विणकराने ताडून पाहिल्या.

परिणाम मोठा बोधप्रद आहे. नव्या नव्या मागांतील गुंतागुंतीची व महागडी रूपे मागे पडली. दख्खनच्या घराघरांत जे शिरले, ते दोरी ओढताच धोटा आपोआप धावविणारे साधे साधन. इंग्लंडात जॉन के याने ते १७३३ साली काढले होते. ते जुन्या मागालाच जोडता येई, स्वस्त पडे, आणि गावच्या सुताराच्या हातचे होते. म्हणजे विणकराने नवे नाकारले नाही. त्याने ते पारखून घेतले.

आता या पारखीच्या उलट बाजूस काय असते ते पाहू. नावावर माल विकण्याची कला आजच्या नटनट्यांनी शोधून काढलेली नाही. इंग्लंडातील कुंभार जोसाया वेजवुड याने १७६५ साली राणी शार्लट हिला चहाची भांडी करून दिली, आणि त्या मातीच्या भांड्यांना ‘क्वीन्स वेअर’ असे नाव देऊन राणीच्या मानावर आपला माल देशोदेशी पोचविला. भांडी चांगली होती, हे खरेच. पण मध्यमवर्गीय गृहिणीने ती घेतली, ती राणीच्या पंक्तीस बसण्याच्या हौसेने. आपल्याकडे आर्देशिर गोदरेज यांनी प्राण्यांची चरबी न घालिता वनस्पती-तेलाचा साबण काढला, तेव्हा त्याच्या जाहिरातीत रवींद्रनाथ टागोरांचे नाव आले. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. चरबीविरहित साबण ही त्या काळी अनेक घरांची खरी गरज होती. कविवर्यांच्या नावाने त्या गुणाकडे लक्ष वेधले. गुण मुळात होताच.

शिफारशीची जबाबदारी किती मोठी असते, याचे सुंदर उदाहरण महात्माजींचे आहे. गोदरेजांच्या एका प्रतिस्पर्ध्याने त्यांच्याकडे आशीर्वाद मागितला, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. गोदरेजांविषयी आपणास फार आदर असून त्यांच्या धंद्यास बाध येईल असा आशीर्वाद आपण देऊ शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आपले नाव ही नाण्यासारखी वस्तू आहे, ते वाटेल तेथे खर्चू नये, ही जाणीव त्यात दिसते.

आणि स्वतःच्या आवडत्या हत्याराविषयी गांधीजी कसे वागले? चरख्याचा त्यांच्याइतका मोठा पुरस्कर्ता दुसरा झाला नाही. त्यांचा एक शब्द कोणत्याही चरख्याचा खप वाढविण्यास पुरेसा होता. परंतु १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा शब्दाऐवजी अटी दिल्या. यंत्र हलके असावे, खेड्यातल्या झोपडीत हाताने वा पायाने चालावे. बाईमाणसाला बेताच्या श्रमाने आठ तास चालविता यावे. त्या आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. आणि नीट वापरल्यास ते वीस वर्षे टिकावे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याच्या साह्याने काळे यांनी एक यंत्र सिद्ध केले. नांगर व चरक यांमुळे महाराष्ट्राला परिचित झालेले नाव त्याच्या पाठीशी होते. तरीही ते यंत्र कसोटीस पूर्णपणे उतरले नाही, आणि ते लाख रुपये कोणासही मिळाले नाहीत.

या गोष्टीपुढे मला नगरच्या विणकराची आठवण होते. महात्म्याने कागदावर लिहिलेल्या अटी आणि निरक्षर विणकराने मनात धरलेल्या अटी, या दोहोंची जात एकच आहे. काम किती, किंमत किती, टिकते किती.

आता पुतण्याच्या बहुगुणी हत्याराकडे वळू. या जातीच्या हत्यारांचा ख्यातनाम पूर्वज म्हणजे स्विस सैनिकाचा चाकू. १८९१ साली कार्ल एल्सेनर यांनी तो आपल्या देशाच्या सैन्यास पुरविण्यास आरंभ केला. त्यात पाते, टोच्या, डबा उघडण्याची चावी व पेचकस एवढ्याच वस्तू होत्या. सैनिकाला डब्यातले अन्न काढावयाचे होते आणि बंदूक खोलून साफ करावयाची होती. प्रत्येक पात्यामागे एक ठरलेले काम होते. पुढे अमेरिकेतील टिमोथी लेदरमन हे जुन्या मोटारीतून युरोपचा प्रवास करीत असता, गाडी व खोल्यांतले नळ दुरुस्त करावयास खिशातला चाकू अपुरा पडला, म्हणून पक्कड असलेल्या हत्याराच्या मागे लागले. कारखानदारांचे नकार पचवून १९८३ साली त्यांनी ते बाजारात आणिले. त्याही हत्याराच्या मागे कोणाची कीर्ती नव्हती, एक अडचण होती.

याच्या उलट उदाहरणही आहे. साहसी प्रवासांमुळे जगप्रसिद्ध झालेले बेअर ग्रिल्स यांच्या नावाने गर्बर या अमेरिकन कंपनीने हत्यारांची मालिकाच काढली. त्यांतील परांग नावाचा कोयता २०१२ साली परत मागवावा लागला. पाते मुठीपाशी मोडून हाताला इजा होण्याचा संभव आढळला होता. मालिकेतील सर्वच माल वाईट होता, असे यावरून ठरत नाही. इतकेच ठरते की, वेष्टनावरील नावाने मूठ अधिक मजबूत होत नाही.

नावाची किंमत हत्याराहून कशी वेगळी असते, हे एका लिलावाने दाखविले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी वापरलेला पेटीत मावणारा चरखा त्यांनी पुढे फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्यास भेट दिला होता. पफर यांनी बांबूचा नांगर तयार केला होता. २०१३ साली इंग्लंडात तो चरखा १,१०,००० पौंडांना विकला गेला. तसल्याच दुसऱ्या चरख्यावर सूत तितकेच निघेल. ही रक्कम त्या हातांच्या स्मृतीची होती, आणि स्मृती म्हणून कोणी ती दिली तर त्यात वावगे नाही. मात्र नटाचे चित्र छापलेल्या पक्कडीला त्याचा हातही लागलेला नसतो. मग तो वाढीव पैसा कशाचा?

आपल्या कायद्यानेही हा प्रश्न आता विचारला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यास दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अशी कामे करण्यास त्यास बंदीही घालता येते. दाव्याची खातरजमा योग्य काळजीने केली होती, असे दाखविले तर मात्र तो सुटतो. म्हणजे नाव देणाऱ्याने आधी वस्तू पाहावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. घेणाऱ्याने पाहू नये, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

मग घ्यावे की न घ्यावे? माझे मत सरळ आहे. वेष्टनावरचे चित्र मनातल्या मनात पुसून टाकावे, आणि उरलेली वस्तू त्याच किंमतीला घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्यावी. बहुगुणी हत्यार वाईट असते असे नव्हे. आपल्या घरातली खवणी लाविलेली विळी पाहा: भाजी चिरते, नारळ खवते, आणि तिची शिफारस आजीवाचून कोणी केली नाही. तिची दोन्ही कामे रोज लागतात, म्हणून ती टिकली. पंधरा कामांपैकी तेरा आपणास कधीच लागणार नसतील, आणि उरलेली दोन ते हत्यार नीट करीत नसेल, तर एक ना धड भाराभर चिंध्या अशी गत व्हावयाची. आणि वर नटाचे नाव असले तर, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला घेऊन मी पुन्हा दुकानात गेलो. कोणती कामे करावयाची, हे त्याला एका कागदावर लिहावयास सांगितले होते. त्याने तीनच लिहिली: सायकलीचे पेच आवळणे, तार तोडणे आणि पेन्सिल तासणे. दुकानदाराने एक चांगली पक्कड, एक पेचकस आणि एक चाकू काढून दिला. तिन्ही मिळून त्या चित्रवाल्या हत्याराच्या निम्म्या किंमतीत आले. पुतण्या थोडा हिरमुसला. परंतु घरी येताच त्याने सायकल उलटी केली व पेच आवळावयास बसला. तासाभरात त्या नटाचे नाव त्याच्या तोंडी उरले नव्हते.