मोठा आवाज आणि खरा आवाज

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातले गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाच्या बांध्यांचा सुपीक प्रदेश. ह्या मुलखात 'लाऊडस्पीकर' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो झाडाला वा मंडपाच्या खांबाला बांधलेला कर्णा. दिवाळीनंतरची मंडई, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके, लग्ने, निवडणुका आणि देवळा-चर्चचे सण, सर्वांचा तो सोबती. आवाज दूरवर पोहोचविणे हेच त्याचे काम आणि ते तो इमानाने करतो. परंतु ध्वनिक्षेपकाच्या कुळात आणखी एक शाखा आहे. तिने दूर जाण्याची हाव धरली नाही. मूळ स्वराच्या जवळ जाण्याची धरली. ह्या दुसऱ्या शाखेची, म्हणजे स्थिर विद्युतेवर चालणाऱ्या घरगुती ध्वनिक्षेपकाची कथा आम्ही येथे सांगू इच्छितो. तिच्या निमित्ताने आपल्या ऐकण्याविषयीही दोन शब्द बोलता येतील.

आपल्या देशात ध्वनिमुद्रण आले ते १९०२ साली. फ्रेड गायस्बर्ग ह्या तंत्रज्ञाने कलकत्त्यात गौहरजान ह्यांचे गाणे मुद्रित केले. १९०८ साली तेथेच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि पुढे अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर ह्यांचे स्वर महाराष्ट्रातील घराघरांत शिरले. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे! तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवावा लागे. पहिल्या काळात वीज नव्हतीच; गायक कर्ण्यात तोंड घालून गाई आणि ऐकणाऱ्याच्या घरीही कर्ण्यातूनच तो स्वर बाहेर पडे. १९२५च्या सुमारास मुद्रण विजेवर होऊ लागले. त्याच वर्षी अमेरिकेत चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या दोघांनी कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक सिद्ध केला. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला शंकू. वेटोळे हलले की शंकू हलतो आणि हवा हलते. आज आपल्या रेडिओत, दूरचित्रवाणी संचात, मोटारीत जे बसलेले असते ते बहुतेक ह्याच जातीचे असते.

ह्या रचनेत एक अडचण आहे. शंकूला ढकलणारे बळ त्याच्या मध्यभागी लागते, कडा मात्र मागून येतात. शंकू आणि वेटोळे ह्यांना वजन असते. म्हणून ते चटकन हलत नाहीत आणि हलल्यावर चटकन थांबतही नाहीत. तबल्याची थाप संपते, पण कागद थोडा थरथरत राहतो. शिवाय ज्या लाकडी पेटीत तो बसवतात ती पेटीही आपला सूर मिसळते. मग मूळ आवाजात नसलेले काहीतरी आपण ऐकतो.

ह्यावर उपाय सुचला तो आपल्या मुलांच्या खेळातल्या तत्त्वातून. कोरड्या केसांवर कंगवा घासला की तो कागदाचे कपटे उचलतो. हीच स्थिर विद्युत. दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा ताणून बसवायचा, त्याच्यावर हजारो व्होल्टांचा विद्युतभार ठेवायचा आणि संगीताचे विद्युतसंकेत दोन्ही पत्र्यांना उलटसुलट द्यायचे. एक पत्रा पडद्याला ओढतो, तर त्याच क्षणी दुसरा लोटतो. बळ पडद्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर सारखे पडते. पडदा इतका हलका की त्याला जणू हवेपेक्षा निराळे वजनच नाही. पेटीची तर गरजच उरत नाही.

ह्याच तत्त्वाचा उलटा उपयोग अगोदरच झाला होता. १९१७च्या सुमारास एडवर्ड वेंटे ह्यांनी पातळ पडदा आणि धातूची चकती ह्यांचा ध्वनिग्राहक बनविला. गायकापुढे ठेवलेल्या उत्तम ध्वनिग्राहकात आजही असाच विद्युतभारित पडदा असतो. म्हणजे स्वर एका पडद्याने आत घेतला जातो आणि दुसऱ्या पडद्याने परत दिला जातो. केलॉग ह्यांनाही १९३४ साली अशा ध्वनिक्षेपकाचे पेटंट मिळाले होते. परंतु पातळ आणि टिकाऊ पडदा मिळेना. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिएस्टरसारखे नवे पदार्थ आले तेव्हा मार्ग मोकळा झाला. इंग्लंडात हंटिंग्डन येथे पीटर वॉकर ह्यांनी १९५७ साली 'क्वाड' ह्या नावाने पूर्ण स्वरपट्टीचा स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक विक्रीस आणला. दिसायला तो खोली तापविण्याच्या विजेच्या शेगडीसारखा. १९८५ सालापर्यंत तो बनत राहिला आणि अर्धलक्षाहून अधिक नग खपले. १९८१ साली त्याचा धाकटा भाऊ आला. त्याच्यात विद्युतपत्रे वर्तुळाकार कड्यांत विभागलेले होते. तळ्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या लाटांप्रमाणे संकेत मधल्या कड्याकडून बाहेरच्या कड्यांकडे क्रमाने पोहोचे आणि स्वर पडद्यामागील एकाच बिंदूतून उगम पावल्यासारखा भासे.

ज्या १९५७ साली इंग्लंडात हे घडले त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर रोजी, आपल्याकडे विविध भारती सुरू झाली. हा योगायोग आम्हांस बोलका वाटतो. नागपूर आकाशवाणी १९४८ साली सुरू झाली होती आणि विदर्भातील खेडी तिच्यावर कान ठेवून असत. रेडिओ बाळगायला त्या काळी सरकारी परवाना लागे. एका घरी रेडिओ आणि ऐकायला अर्धी आळी, असा तो काळ. तिकडे एका माणसाने एका खुर्चीत बसून ऐकावे असे यंत्र निघाले. इकडे एका यंत्राभोवती सारा शेजार गोळा झाला. परदेशी बनावटीचा ध्वनिक्षेपक आणणे तर आपल्याला जवळजवळ अशक्यच होते. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरील बंधने १९९१ नंतर हळूहळू सैल झाली आणि संख्येची बंधने २००१ साली उठली.

समजा, आज कोणी आसगावी असा जोड आणून ठेवला, तर काय होईल? वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस आणणाऱ्या हवेतला ओलावा पडद्यावरील विद्युतभार गळू देतो. धानाच्या मळणीची धूळ विद्युतभाराकडे ओढली जाते आणि साचली की ठिणग्या उडतात. भार राखण्यास विजेचा पुरवठा लागतो, तो मध्येच गेला की स्वर मावळतो. भिंतीला टेकून तो ठेवता येत नाही, कारण तो पुढे जितका आवाज देतो तितकाच मागेही देतो. ढोलाचा गडगडाट त्याला झेपत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो नीट ऐकायचा तर एका ठरावीक जागी स्थिर बसावे लागते. त्याची इतकी उठाठेव कशासाठी करावी, असे कोणी विचारील. तर श्वास घेतल्याचा आवाज, तंबोऱ्याच्या तारेवरचे बोट, चर्चच्या घुमटातून परत येणारा गायकवृंदाचा प्रतिध्वनी, हे त्याच्यातून जसेच्या तसे उमटते. गाणारा माणूस खोलीत आल्याचा भास होतो.

आणि येथेच हा विषय आपल्या दाराशी येतो. चेन्नईतील एका पेंटेकोस्टल चर्चच्या ध्वनिवर्धकांविषयी शेजाऱ्यांनी तक्रार केली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० ऑगस्ट २००० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियमही आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात उघड्यावरील ध्वनिवर्धकांवर बंदी घालण्यात आली. निर्णय एका चर्चविषयी असला तरी आरसा सर्वांपुढे धरला गेला. आमच्या मते त्याने आपले काहीही हिरावून घेतले नाही. उलट, एक जुना प्रश्न त्याने नव्याने विचारला: आपल्याला ऐकवायचे आहे की ऐकायचे आहे?

कर्णा वाईट आणि पडदा चांगला, असा निवाडा आम्ही करीत नाही. पुराची सूचना द्यायची असेल तर कर्णाच हवा. गावाची मंडई त्याच्यावाचून सुनी. परंतु मोठा आवाज म्हणजे खरा आवाज नव्हे, हे त्या पातळ पडद्याने दाखवून दिले. तो महागडा जोड आपल्यापैकी फारच थोड्यांच्या घरी येईल. मात्र त्याची अट कोणालाही पाळता येण्याजोगी आहे. पंखा बंद करावा, दार लोटावे, आवाज थोडा उतरवावा आणि एक गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता, घरातल्या सर्वांनी मिळून ऐकावे. साध्या रेडिओवरही ते साधते. आणि ज्या घरात गाणे असे ऐकले जाते, त्या घरात माणसांचे म्हणणेही ऐकून घेण्याची सवय लागते.